नाव मोठे, लक्षण कसे?

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

कला शाखेच्या विद्यार्थिनीने मोटारगाडीवर लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. ‘एखादी कविता दे, नाहीतर सहलीचे वर्णन दे,’ असा सल्ला मैत्रिणींनी दिलाही होता. परंतु माझे वडील हमरस्त्यालगतच्या एका गॅरेजमध्ये मिस्त्री आहेत आणि नववीत असल्यापासून त्या गॅरेजची हिशेबाची वही मी लिहीत आले आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे अर्थशास्त्राच्या तासाला ‘किंमत’ आणि ‘मूल्य’ यांतील फरक शिकताना माझ्या डोळ्यांपुढे पुस्तकातल्या उदाहरणांऐवजी गॅरेजातल्या गाड्याच उभ्या राहतात.

आमच्या गावात जर्मन गाडीविषयी दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, “जर्मन ती जर्मन. त्यांचे लोखंडच वेगळे.” दुसरा पक्ष म्हणतो, “चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. घेताना हौस, दुरुस्त करताना दिवाळे.” गंमत अशी की दोन्ही पक्षांतल्या बहुतेकांनी अशी गाडी स्वतः कधी वापरलेली नसते. तेव्हा मर्सिडीज-बेंझ, बी.एम.डब्ल्यू., ऑडी या नावांभोवती जे वलय आहे ते खरे किती, आणि त्यांच्या दुरुस्तीला जो पैसा लागतो तो योग्य किती, याचा थोडा शांतपणे विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कीर्ती कशी मिळाली?

कीर्ती एका दिवसात मिळत नाही. २९ जानेवारी १८८६ रोजी कार्ल बेंझ यांनी आपल्या तीन चाकी मोटारगाडीच्या एकस्वासाठी अर्ज केला. हा आधुनिक मोटारीचा जन्मदिवस मानला जातो. पण यंत्र तयार झाले तरी लोकांचा त्यावर विश्वास बसेना. तो विश्वास मिळवून दिला त्यांच्या पत्नीने. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्था बेंझ या बाईंनी नवऱ्याला न सांगता गाडी बाहेर काढली, दोन मुलांना बरोबर घेतले आणि मानहाइमहून फॉर्त्सहाइमला, म्हणजे आपल्या माहेरी, सुमारे १०६ किलोमीटरचा प्रवास केला. वाटेत इंधन संपले तेव्हा त्यांनी औषधाच्या दुकानातून लिग्रोइन नावाचे द्रव विकत घेतले. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेकचे ठोकळे झिजले तेव्हा एका चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले.

ही हकीकत मला फार बोलकी वाटते. जर्मन मोटारीचा पहिला लांबचा प्रवास हा वाटेत दुरुस्ती करत करत झालेला प्रवास होता. गाडी बिघडली नाही म्हणून नाव झाले असे नाही. बिघडली तरी ती एका बाईला, एका औषधविक्याला आणि एका चांभाराला मिळून पुढे नेता आली, म्हणून नाव झाले.

पुढे १९०१ साली डाइम्लर कारखान्याच्या एका गाडीला एमिल येलिनेक या व्यापाऱ्याच्या मुलीचे, मर्सिडीजचे, नाव मिळाले, आणि १९२६ साली डाइम्लर व बेंझ हे दोन कारखाने एक झाले. बी.एम.डब्ल्यू. ही मूळची विमानांची इंजिने बनवणारी कंपनी. ती १९२३ साली मोटारसायकलीकडे आणि १९२८ साली मोटारीकडे वळली. ऑडीच्या नावाची कथा भाषेच्या विद्यार्थ्यांना आवडेल. आउगुस्ट होर्ख या अभियंत्याने स्वतःची कंपनी सोडल्यावर त्याला आपलेच आडनाव नव्या कंपनीला देता येईना. जर्मन भाषेत ‘होर्ख’ म्हणजे ‘ऐक’. म्हणून त्याने त्याच अर्थाचा लॅटिन शब्द घेतला, ‘आउडी’.

आपल्या देशाला मर्सिडीजच्या ताऱ्याची ओळख मोटारीवरून झाली नाही, मालमोटारीवरून झाली. १९५४ साली टाटांच्या टेल्कोने डाइम्लर-बेंझशी १५ वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला मालमोटारी बांधायला सुरुवात केली. वडिलांच्या गॅरेजमधले वयस्क फिटर अजूनही त्या जुन्या ‘बेंझ’ इंजिनाचे नाव आदराने घेतात. हा आदर चैनीच्या वस्तूविषयीचा नव्हे. घाटात ओझे ओढणाऱ्या आणि गावच्या मिस्त्रीच्या हाताखाली पुन्हा उभ्या राहणाऱ्या यंत्राविषयीचा तो आदर आहे.

एका नावात तीन गुण

‘जर्मन गाडी चांगली’ असे आपण म्हणतो तेव्हा नकळत तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र बोलतो. पहिली, ती वेगात स्थिर चालते आणि अपघातात माणूस वाचवते. दुसरी, ती वर्षानुवर्षे टिकते. तिसरी, ती दारात उभी असली की मान मिळतो. या तिन्ही गुणांची तपासणी वेगवेगळी करायला हवी.

पहिल्या गुणाबाबत कीर्ती रास्त आहे, असे मला वाटते. जर्मनीतील आउटोबान नावाच्या द्रुतगती मार्गांच्या बऱ्याच लांबीवर कायमची वेगमर्यादा नाही. ताशी १३० किलोमीटर हा वेग तेथे केवळ शिफारस म्हणून सांगितला आहे. अशा रस्त्यावर तासन्‌तास चालायची गाडी बनवायची तर तिचे ब्रेक, चाकांची पकड, स्टिअरिंग आणि इंजिन थंड ठेवण्याची व्यवस्था ही सारी वरच्या दर्जाची लागते. सुरक्षिततेतही या कारखान्यांचे काम मोठे आहे. टक्कर होताच गाडीचा पुढचा व मागचा भाग चेपावा आणि धक्का त्यानेच पचवावा, मधली बैठक मात्र शाबूत राहावी, ही कल्पना बेला बारेनी या अभियंत्याने मांडली. १९५९ साली ती मर्सिडीजच्या गाडीत प्रत्यक्ष आली. जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ न देणारी ए.बी.एस. यंत्रणा बॉश कंपनीच्या साह्याने १९७८ साली मर्सिडीजच्या मोठ्या गाडीत बसवली गेली. १९८१ साली त्याच मालिकेत एअरबॅग आली आणि १९९५ साली घसरणारी गाडी सावरणारी ई.एस.पी. यंत्रणा आली. सगळेच शोध जर्मनांचे, असे मात्र नाही. आज आपण लावतो तो तीन टोकांचा पट्टा १९५९ साली स्वीडनच्या व्होल्वो कंपनीने दिला.

यात अर्थशास्त्राच्या दृष्टीने एक लक्षात घेण्यासारखी गोष्ट आहे. नव्या यंत्रणेच्या संशोधनाचा खर्च प्रथम श्रीमंत गिऱ्हाईक सोसते आणि काही वर्षांनी तीच वस्तू स्वस्त होऊन साध्या गाडीत येते. भारतात १ एप्रिल २०१९ पासून प्रत्येक नव्या मोटारीला ए.बी.एस. सक्तीचे झाले. म्हणजे जी वस्तू १९७८ साली कोट्यधीशाच्या गाडीत होती ती आज आमच्या गावातल्या भाड्याच्या गाडीतही आहे. श्रीमंतांच्या हौसेचा एवढा तरी उपयोग गरिबाला झाला, हे मान्य केले पाहिजे.

टिकाऊपणाची गोष्ट

दुसरा गुण टिकाऊपणाचा. येथे मात्र काळ पाहून बोलावे लागते. १९७६ ते १९८५ या काळात मर्सिडीजने डब्ल्यू १२३ या सांकेतिक नावाची मालिका काढली आणि तिच्या सुमारे २७ लाख गाड्या बनवल्या. जर्मनीत, आफ्रिकेत, पश्चिम आशियात ती टॅक्सी म्हणून वर्षानुवर्षे धावली. तिच्या आधीच्या मालिकेतली १९७६ सालची एक डिझेल गाडी ग्रीसमधल्या एका टॅक्सीचालकाने ४६ लाख किलोमीटर चालवली आणि २००४ साली ती कंपनीच्या संग्रहालयाला दिली. पृथ्वीला शंभराहून जास्त प्रदक्षिणा घालण्याइतके हे अंतर होते. परंतु या विक्रमाचा दुसरा भाग कोणी सांगत नाही. त्या गाडीची इंजिने पुन्हा पुन्हा उतरवली गेली, दुरुस्त झाली, बदलली गेली. तिचा सांगाडा चांगला होता, यंत्र साधे होते, सुटे भाग मिळत होते आणि मालक काळजी घेणारा होता. या चार गोष्टी एकत्र आल्या म्हणून ती चालली. ‘लोखंडच वेगळे’ एवढ्याने हे होत नाही.

१९८९ साली जपानच्या टोयोटाने लेक्सस एल.एस. ४०० ही गाडी अमेरिकेत आणली आणि जर्मनांच्या या गडाला पहिला मोठा सुरुंग लागला. तेवढीच शांत, तेवढीच आरामशीर, किमतीने कमी आणि बिघाडाने त्याहून कमी, अशी तिची ख्याती झाली. अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ ही संस्था दरवर्षी गाडीमालकांकडून बिघाडांची माहिती गोळा करते. तिच्या यादीत टोयोटा आणि लेक्सस वर्षानुवर्षे वरच्या पंक्तीत असतात. जर्मन कंपन्या मात्र सगळ्या एका पंक्तीत बसत नाहीत. अलीकडच्या वर्षांत बी.एम.डब्ल्यू. बरीच वर चढली आहे आणि मर्सिडीज तिच्या खाली राहिली आहे. म्हणजे ‘जर्मन’ हा शब्द टिकाऊपणाचे प्रमाणपत्र म्हणून वापरता येत नाही. कंपनी कोणती, मालिका कोणती, साल कोणते, हे विचारावेच लागते.

मधल्या काळात या कंपन्यांकडून चुकाही झाल्या. १९९० नंतरच्या काही वर्षांत मर्सिडीजच्या गाड्यांत वायरिंगवरचे असे वेष्टन वापरले गेले की ते इंजिनाच्या उष्णतेने ठिसूळ होऊन गळून पडे. २००५ साली याच कंपनीला सुमारे १३ लाख गाड्या तपासणीसाठी परत बोलवाव्या लागल्या. बी.एम.डब्ल्यू.च्या २००७ पासून वापरात आलेल्या एका चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनात टायमिंग चेनच्या तक्रारी आल्या. फोक्सवॅगनचे प्रकरण तर जगजाहीर आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने उघड केले की या कंपनीच्या डिझेल गाड्यांतील संगणक धुराची तपासणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करत होता. जगभरच्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ही लबाडी होती, आणि ऑडी ही त्याच समूहातली कंपनी. अभियंत्याची हुशारी आणि त्याची सचोटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या प्रकरणाने शिकवले.

दुरुस्ती महाग का?

आता पैशाचा प्रश्न. हा खर्च निव्वळ लुबाडणूक आहे असे म्हणणे सोपे आहे, पण ते पूर्ण खरे नाही. वहीत नोंदी करताना आणि वडिलांना विचारताना मला त्याची चार कारणे समजली.

पहिले कारण रचनेचे. कमी जागेत जास्त शक्ती बसवायची म्हणून सारे भाग एकमेकांना चिकटून ठेवलेले असतात. वर सांगितलेल्या बी.एम.डब्ल्यू.च्या इंजिनात टायमिंग चेन पुढे नसून मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. चेनची किंमत फार नसते, पण तिच्यापर्यंत हात पोहोचवण्यासाठी बहुधा अख्खे इंजिन उतरवावे लागते. येथे गिऱ्हाईक चेनचे पैसे थोडे आणि वाटेचे पैसे जास्त मोजते.

दुसरे कारण सुखाचे. साध्या गाडीत पोलादी स्प्रिंग किंवा पाटे असतात. महागड्या गाडीत काही वेळा त्यांच्या जागी हवेने भरलेले रबरी फुगे असतात. त्यामुळे खड्डा जाणवत नाही आणि गाडीची उंची कमीजास्त करता येते. पण रबर ते रबर. सात-आठ वर्षांत त्याला बारीक चिरा पडतात, हवा हळूहळू गळू लागते. गळती भरून काढण्यासाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर सारखा चालू राहतो आणि शेवटी तोही जळतो. वेळीच फुगा बदलला असता तर कॉम्प्रेसर वाचला असता. पोलादी स्प्रिंग बिघाड सहन करत राहते. हा फुगा तसा सहन करत नाही.

तिसरे कारण संगणकाचे. अशा गाडीत इंजिन, ब्रेक, दरवाजे, आसने या प्रत्येकाला छोटे नियंत्रक असतात आणि ते एकमेकांशी बोलत असतात. बी.एम.डब्ल्यू.च्या बऱ्याच गाड्यांत साधी बॅटरी बदलली तरी ‘आता नवी बॅटरी आली आहे’ हे गाडीच्या संगणकाला कळवावे लागते, कारण बॅटरी किती जुनी आहे ते पाहून तो तिला वीज पुरवतो. काही भाग तर त्या विशिष्ट गाडीच्या क्रमांकाशी जोडून घेतल्याशिवाय चालतच नाहीत. चोरीला आळा घालण्यासाठी हे काही अंशी योग्य आहे. पण यामुळे पान्याचे काम संपून स्कॅनरचे काम सुरू होते, आणि स्कॅनरची किल्ली कंपनीच्या हातात असते.

चौथे कारण व्यापाराचे. पूर्वी डायनॅमो बिघडला तर आतले कार्बन ब्रश बदलत. आता पुष्कळदा आतला लहान भाग सुटा मिळतच नाही. अख्खी जोडणी विकत घ्यावी लागते. ती परदेशातून येते, तिच्यावर जकात पडते आणि तिला पर्याय नसल्यामुळे विकणारा सांगेल ती किंमत होते. पहिली दोन कारणे यंत्राची आहेत. तिसरे अर्धे यंत्राचे आहे. चौथे मात्र माणसाचे आहे.

एक पाहिलेले उदाहरण

आमच्या ओळखीच्या एका बागायतदारांनी नऊ वर्षांची एक जर्मन गाडी घेतली. कंपनीचे नाव येथे महत्त्वाचे नाही. नव्या लहान गाडीच्या किमतीत एवढी मोठी गाडी मिळाली, म्हणून सारे घर खूश होते. पेढे आमच्याकडेही आले. वर्षाच्या आत एके सकाळी गाडी पुढच्या एका कोपऱ्यावर बसलेली दिसली. वडिलांनी पंक्चर काढताना पाहतात तसे साबणाचे पाणी लावून गळती शोधून काढली. दोष सापडला, पण काम झाले नाही. नवा फुगा बसवल्यावर गाडीची उंची संगणकात पुन्हा नोंदवावी लागते आणि ते उपकरण आमच्याकडे नव्हते. शेवटी गाडी टोचन करून शहरात न्यावी लागली. तोपर्यंत कॉम्प्रेसरही गेला होता. जो आकडा झाला तो माझ्या वडिलांच्या पाच महिन्यांच्या कमाईएवढा होता. सहा महिन्यांनी त्यांनी ती गाडी मिळेल त्या भावाला विकली.

या व्यवहारात फसवणूक कोणी केली? विकणाऱ्याने कागदपत्रे खरी दिली होती. शहरातल्या कारागिरांनी काम चोख केले होते. खरी गोष्ट अशी आहे की गाडीची किंमत वयाबरोबर उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. साठ लाखांची गाडी दहा लाखांना मिळाली तरी ती साठ लाखांचीच गाडी असते. तिचा फुगा, तिचा ब्रेक, तिचा दिवा साठ लाखांच्या हिशेबानेच येतो. हत्ती स्वस्तात मिळाला म्हणून त्याचा चारा स्वस्त होत नाही.

शिवाय ही गाडी मुळात कोणासाठी बनते, हेही पाहिले पाहिजे. जर्मनीत नव्याने नोंदल्या जाणाऱ्या मोटारींपैकी निम्म्याहून अधिक कंपन्यांच्या व व्यवसायांच्या नावावर असतात. असा पहिला मालक बहुधा काही वर्षांत गाडी परत करून नवी घेतो. कारखान्याचे खरे गिऱ्हाईक तो. दहाव्या वर्षी गाडी घेणारा आमचा बागायतदार कारखान्याच्या विचारात शेवटी येतो.

तेथे आणि येथे

‘मग तिकडे या गाड्या बऱ्या कशा चालतात?’ असे कोणी विचारील. तेथे नव्या मोटारीची तिसऱ्या वर्षी आणि पुढे दर दोन वर्षांनी सक्तीची तपासणी होते. झिजलेला भाग दिसला की तो बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. मोटारदुरुस्ती शिकणारा मुलगा किंवा मुलगी साडेतीन वर्षे कारखान्यात काम आणि शाळेत शिक्षण असे दोन्ही करतो. त्यानंतर अनुभव घेऊन आणि वरची परीक्षा देऊन ‘माइस्टर’ होता येते, आणि स्वतःचे गॅरेज काढायचे तर साधारणतः ही पदवी लागते. युरोपीय संघाने २०१० साली केलेल्या नियमांचा रोख असा आहे की बाहेरच्या गॅरेजांनाही कंपन्यांची तांत्रिक माहिती मिळावी. म्हणजे ज्या गाडीची आपण स्तुती करतो तिच्यामागे चांगले रस्ते, कडक तपासणी आणि शिकलेला कारागीर असे तीन खांब आहेत. आपण गाडी आणतो, पण हे खांब तिच्याबरोबर येत नाहीत.

आपल्याकडेही प्रश्न उठला आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड सुनावला. अस्सल सुटे भाग आणि दोष शोधण्याची उपकरणे त्या बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत, असा आयोगाचा निष्कर्ष होता. त्या यादीत जर्मन कंपन्या होत्या, तशाच भारतीय, जपानी आणि अमेरिकन कंपन्याही होत्या. निकालावर पुढे अपिले झाली. २०२२ साली केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यासाठी संकेतस्थळही सुरू केले. त्यात मोटारींचाही समावेश आहे. हे पाऊल चांगले आहे. पण आमच्या हमरस्त्यावरच्या गॅरेजपर्यंत त्याची पावले अजून वाजलेली नाहीत.

मानाचा हिशेब

तिसरा गुण मानाचा. ऑक्टोबर २०१० मध्ये त्या वेळच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, उद्योजक व व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. किंमत सुमारे ६५ कोटी रुपये. ही बातमी देशभर गाजली. काहींनी नावे ठेवली. मला वाटते, त्या खरेदीत चाके आणि इंजिन यांपेक्षा ‘आमचे शहर मागासलेले नाही’ हे सांगण्याची इच्छा मोठी होती. मानाला किंमत नसते असे नाही. ज्याला ती परवडते त्याने जरूर मोजावी. फक्त ती मानाची किंमत आहे, टिकाऊपणाची नव्हे, एवढे मनाशी स्पष्ट असावे.

तेव्हा माझा निष्कर्ष असा. वेग आणि सुरक्षितता यांबाबत जर्मन गाडीचे नाव खरे आहे. टिकाऊपणाबाबत ते जुन्या पिढीच्या कमाईवर बरेचसे चालते आहे. दुरुस्तीचा खर्च काही भाग योग्य आहे, कारण नाजूक आणि गुंतागुंतीचे यंत्र निगा मागणारच. पण माहिती दडवून आणि लहान भाग न विकून जो खर्च वाढवला जातो तो योग्य नाही. नवी गाडी घेणाऱ्याने हमीच्या मुदतीचा विचार करावा. जुनी घेणाऱ्याने प्रथम देखभालीची नोंदवही पाहावी. गाडी रात्रभर एका जागी उभी करून सकाळी कोपरे बसले का ते पाहावे, स्कॅनर लावून घ्यावा, खालून तेल गळते का ते पाहावे. खरेदीच्या रकमेखेरीज दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम बाजूला काढता येत नसेल तर त्या वाटेला जाऊ नये. आणि सर्वांत आधी, ही गाडी जाणणारा कारागीर आपल्यापासून किती किलोमीटरवर आहे, ते विचारावे.

जाता जाता एक शब्दाची गोष्ट सांगते. जर्मन ‘माइस्टर’ हा शब्द लॅटिन ‘मागिस्तेर’वरून आला. त्याच शब्दाचे पोर्तुगीज रूप ‘मेस्त्रे’. ते पोर्तुगिजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरले आणि त्याचा ‘मिस्त्री’ झाला. इंग्रजीतून आलेला आपला ‘मास्तर’ही त्याच घरातला. म्हणजे माइस्टर, मिस्त्री आणि मास्तर ही तीन भावंडे आहेत. जर्मनीत माइस्टरच्या प्रशस्तिपत्राला चौकट करून ते भिंतीवर लावतात. आपल्याकडे मास्तरांना नमस्कार करतात आणि मिस्त्रीला ‘ए मिस्त्री’ अशी हाक मारतात. माझ्या वडिलांचे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे, आणि यंदा वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी त्यांनी स्कॅनर चालवण्याच्या शिकवणीत नाव घातले आहे. शिकवणीची टिपणे इंग्रजीत आहेत. रात्री जेवणे झाल्यावर मी ती वाचते, मराठीत सांगते आणि ते वहीत उतरवून घेतात. आतापर्यंत अकरा पाने झाली आहेत.